पाचवा ‘का’

गुरुवारी बाबांच्या कंपनीला सुट्टी असते आणि गुरुवारीच आमच्या भागातली वीज दुरुस्तीसाठी जाते. त्यामुळे संत तुकाराम नगरातल्या आमच्या घरात आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस गुरुवार. बाकीचे सहा दिवस शार्दूलचं जग जागच्या जागी असतं. पंखा फिरत असतो, बाबा सहाच्या बसने चाकणला गेलेले असतात, दीड वाजता वरण-भात ताटात येतो. गुरुवारी पंखा थांबतो आणि बाबा खुर्चीत असतात. माझा धाकटा भाऊ तेवीस वर्षांचा आहे, वजनाने शहाऐंशी किलो, आणि हे दोन बदल एकाच दिवशी त्याला अजून सहन होत नाहीत. मी वाकडला एकटी राहते. ऑफिसने आठवड्यातून एक दिवस घरून काम करायची मुभा दिली तेव्हा मी गुरुवार मागून घेतला आणि आईला म्हटलं, तुझ्या मदतीला येत जाईन. मदत म्हणजे मी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत दार लोटून बसायचे.

त्या गुरुवारी मी पोचले तेव्हा आई बेसिनपाशी उभी राहून चूळ भरत होती आणि पाणी गुलाबी होतं. ब्रश कडक आहे, नवा आण, एवढंच ती म्हणाली. केसरबाई भांडी घासत होत्या. त्या मूळच्या मावळातल्या. अठरा वर्षं आमच्याकडे येतात आणि शार्दूलला ‘शार्दूलराव’ म्हणतात. तुमचा शार्दूलराव दिवसात एक शब्द बोलत न्हाई आन् माझा नवरा एक शब्द थांबत न्हाई, आपण अदलाबदल करू वहिनी, असं त्या आईला नेहमी सांगायच्या, त्या दिवशीही सांगितलं, आणि आई नेहमीसारखी हसली. मग ओट्याखालचा डबा काढायला आई वाकली, साडी पोटरीवर सरकली, आणि केसरबाईंचे हात थांबले. आईच्या पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके होते, शेकडो, टाचणीच्या टोकाएवढे. वर गुडघ्यापाशी निळे-जांभळे डाग होते, पण ते आम्हाला सवयीचे होते. आमच्या घरात आईच्या अंगावरचे निळे डाग भिंतीवरच्या ओलीसारखे होते. कुठे वाढले, कुठे वाळले, कुणी पाहत नसे.

“ताई, इकडं या जरा,” केसरबाई मला म्हणाल्या. “ह्ये पोराच्या हातचं न्हाई. हाताचा मार असा येत न्हाई.”

मी दारातून पाहिलं. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई आहे. रक्तातल्या बारीक चकत्या, ज्यांना सगळेच प्लेटलेट म्हणतात, त्या कमी झाल्या की त्वचेखाली असे ठिपके उठतात आणि हिरड्यांतून रक्त येतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. दोन्ही गोष्टी माझ्यासमोर दहा मिनिटांच्या अंतराने आल्या होत्या. पण माझी मीटिंग सुरू व्हायची होती. आई म्हणाली, ढेकूण असतील, आणि मी म्हणाले, गाद्या उन्हात टाकायला हव्यात.

वीज साडेबाराला आली. ती येते तेव्हा सगळं एकदम येतं. पंखा, टीव्ही, बंद करायचा राहिलेला मिक्सर. मिक्सरचा तो आवाज मी आतल्या खोलीतून ऐकला आणि त्यामागून येणारा दुसरा आवाज ऐकायच्या आधीच माझी मान आखडली. शार्दूल आधी स्वतःला मारतो. कपाळ भिंतीवर, एकदा, थांबून पुन्हा. मी दहा वर्षांची असताना बाबांनी मला कंपनी दाखवायला नेलं होतं. तिथे दोनशे टनांचा प्रेस पत्र्यावर पडायचा आणि ठोका कानांच्या आधी तळपायांना कळायचा. शार्दूलचा ठोका तसाच फरशीतून येतो. तिसऱ्या ठोक्याला आवाज बदलला, मऊ झाला, म्हणजे आईने भिंत आणि कपाळ यांच्यामध्ये आपला पंजा घातला होता. ती नेहमी तसंच करायची. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यामुळे सरळ होत नसत. मग खुर्ची पडली. मग तिचा आवाज, अगदी बारीक, कुरकुर न करता, “झालं, झालं राजा, संपलं.” मी दार उघडलं तेव्हा त्याच्या मुठीत तिचे केस होते आणि तो तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटत होता. दोनदा आपटलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कधीच नसतो. बुडणारा माणूस हाताला लागेल ते ओढतो तसा तो होता. चौकटीपासून चार फुटांवर बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी पेपरची घडी घातली आणि मांडीवर ठेवली. ते उठले नाहीत. बारा वर्षं ते उठत नव्हते.

मीही उंबऱ्याच्या आतच थांबले. केसरबाई ओल्या हातांनी धावल्या आणि त्यांनी मिक्सरचं बटण बंद केलं. एवढंच करायचं होतं.

दीडला वरण-भात झाला. आईने कपाळाला बर्फ लावला, त्याला भरवलं, मग स्वतः दोन घास खाल्ले. बटाट्याची भाजी छान झाली होती, मी आणखी घेतली. संध्याकाळी निघताना ती म्हणाली की डोकं जड झालंय, पडते जरा. मी नवा ब्रश पुढच्या गुरुवारी आणीन म्हटलं. शुक्रवारी सकाळी ती उठली नाही. शनिवारी दुपारी हॉस्पिटलमध्ये वारली.

मला हे सरळ लिहायचं आहे, कारण आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला एक कारण असावं लागतं. बाबा क्वालिटी खात्यात आहेत. पत्र्याचा एखादा भाग चुकीचा निघाला की तो कुठे चुकला हे शोधणं हे त्यांचं काम, आणि त्याची एक रीत आहे. शॉपवर, म्हणजे कारखान्यात, तिला व्हाय-व्हाय म्हणतात. कागदावर दोष लिहायचा आणि ‘का?’ विचारायचं. आलेल्या उत्तराला पुन्हा ‘का?’ असं पाच वेळा. पाचव्या ‘का’च्या उत्तराला मूळ सापडतं. मग त्या मालाला लाल टॅग लावून बाजूला ठेवायचं. या रीतीवर बाबांचा जेवढा विश्वास आहे तेवढा देवावर नाही. कुकर उतू गेला तरी ते पाचदा का विचारायचे आणि आई हसून म्हणायची, पाणी जास्त झालं हो, तुमच्या चार पायऱ्या मी वाचवल्या.

शार्दूल अडीच वर्षांचा असताना डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला. त्या कागदावर बाबांचं पहिलं ‘का’ तेव्हापासून लिहिलेलं होतं आणि पुढची ओळ कुणी भरून देत नव्हतं. डॉक्टर म्हणत, अनेक कारणं असतात, नक्की सांगता येत नाही. हे उत्तर कंपनीत कुणी दिलं असतं तर बाबांनी कागद तोंडावर परत फेकला असता. आठ-नऊ वर्षं त्यांनी तो राग कुठे ठेवला हे मला माहीत नाही. मी वीस वर्षांची झाले, शेवटच्या वर्षाला होते, आणि कॉलेजच्या ग्रंथालयात मी एक शोधनिबंध वाचला. काही आयांच्या रक्तात अशा अँटीबॉडी सापडल्या होत्या ज्या गर्भाच्या मेंदूतल्या प्रथिनांना चिकटतात, आणि अशा आयांच्या मुलांमध्ये ऑटिझम जास्त दिसत होता. काही आया. जास्त दिसत होता. मी त्या वाक्यांखाली रेघा मारल्या होत्या. त्याच महिन्यात आईचे सांधे दुखायला लागले होते, आणि तिच्या रक्ताच्या रिपोर्टवर एका अँटीबॉडीपुढे ‘पॉझिटिव्ह’ छापून आलं होतं. तो रिपोर्ट फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावला होता.

जेवताना मी ते सांगायला सुरुवात केली. बाबा माझ्याशी अभ्यासाबद्दल कधी बोलत नसत. माझं शिक्षण त्यांच्या दृष्टीने पुस्तकी होतं. त्या दिवशी त्यांचा घास हातात राहिला. शार्दूल असा का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मेंदूची घडण वेगळी झाली. का? गर्भात असताना काही घडलं असेल. का? आईच्या रक्तातून अँटीबॉडी नाळेतून जातात. का? शरीर कधी कधी स्वतःलाच परकं समजतं आणि स्वतःवर हत्यार काढतं. त्यांचे डोळे मी तसे कधी पाहिले नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते, जसे ते साहेबाचं ऐकत असतील. मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या टेबलावर जागा मिळाली होती. मग त्यांनी पाचवं विचारलं, “पण आपल्याकडे का?” तिथे ‘माहीत नाही’ म्हणायचं होतं. पाच अक्षरांचे दोन शब्द. मी फ्रिजकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “आईचा रिपोर्ट पॉझिटिव्हच आहे ना.”

आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही, मला आठवतं, ती पोळी तिने पूर्ण केली, तव्यावर टाकली, उलटली. मग विचारलं, “म्हणजे माझ्यामुळे का गं, अनू?” मी म्हटलं, तसं नाही, शास्त्रात तसं म्हणत नाहीत. पण बाबांचा कागद पुरा झाला होता.

बाबांनी आईवर कधी हात उगारला नाही. हे मी त्यांच्या बाजूने सांगत नाही. त्या आठवड्यात शार्दूलने तिला धरलं, तो तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि बाबा त्याला सहज आवरू शकत होते, आधी आवरत होतेच. ते अर्धे उठले. मग परत बसले आणि शांतपणे म्हणाले, “तुझ्याकडून आलंय ते त्याच्यात. तूच घे.” शार्दूल तिच्या छातीवर डोकं आपटत होता आणि आईने मान हलवली. होकारार्थी. मी ते पाहिलं. एखाद्या वस्तूला टॅग लावला की ती वस्तू काही बोलत नाही; पण आईने टॅग हातात घेतला, वाचला आणि स्वतःच गळ्यात बांधला. त्या दिवसानंतर तिने तोंड वाचवायला हात वर केलेला मला आठवत नाही. सांध्यांच्या डॉक्टरने रोज घ्यायला दिलेल्या गोळ्या ती आठवड्यात दोन-तीनदाच घ्यायची. मी रागावले तर म्हणायची, “आता रक्त शुद्ध करून कुणाला द्यायचंय? जायचं ते गेलं त्याच्यात.” हे ती दुःखाने म्हणत नसे. कपडे वाळत घालताना, चिमटा दातात धरून म्हणायची.

दोन वर्षांनी एम.एस्सी.च्या वर्गात सरांनी फळ्यावर अँटीबॉडींचे प्रकार काढले आणि मला बसल्या जागी कळलं. निबंधातल्या त्या वेगळ्या होत्या. आईच्या रिपोर्टवरची तपासणी सर्वसाधारण होती, निरोगी माणसांतही पुष्कळदा पॉझिटिव्ह येणारी. शिवाय ते रक्त शार्दूलच्या जन्मानंतर अकरा वर्षांनी काढलेलं होतं. एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडायला माझ्याकडे काहीच नव्हतं, एक लोहचुंबक सोडून. माझ्या शेजारची मुलगी वहीत चौकोन काढत होती. त्या शनिवारी मी घरी सांगायला गेले. पिंपरीच्या स्टॉपपासून घरापर्यंत वाक्य पाठ करत गेले. दार उघडलं तर शार्दूलचं सुरू होतं, आणि आई त्याच्या आणि माझ्यामध्ये येऊन उभी राहिली, पाठ माझ्याकडे, आणि म्हणाली, “तू आत जा.” मी आत गेले.

इथे मला थांबावंसं वाटतं, पण थांबत नाही. माझ्या डाव्या दंडावर त्याच्या दातांचा अर्धा चंद्र आहे. तो आठ वर्षांचा असताना चावला, मांसापर्यंत. त्यानंतर मी बाहीचे कपडे घालायचे, आणि घरात पावलांचा आवाज ओळखून श्वास रोखायचे. माझं त्याच्यावर खूप प्रेम होतं आणि त्याचं डोकं कशाने तरी फोडावं असंही वाटायचं. दोन्ही एकाच दुपारी. त्या जेवणानंतर दोन वर्षांत त्याने मला एकदाही मारलं नव्हतं. सगळा मार आई घेत होती, कारण तो तिचा आहे असं ठरलं होतं. शनिवारी आतल्या खोलीत बसून मी माझ्या हातांकडे पाहिलं. मी बिनबाह्यांचा कुडता घातला होता, आणि कधीपासून घालायला लागले हे मला आठवत नव्हतं. पलीकडे ठोके पडत होते. पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. मी ते गिळलं. पुढे नोकरी लागली, औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल तपासायची. रुग्णाला काही झालं की त्याचा औषधाशी संबंध ‘निश्चित’, ‘संभाव्य’, ‘शक्य’ की ‘असंबंधित’ हे ठरवायचं असतं. दिवसाला पन्नास अनोळखी माणसांच्या बाबतीत मी हे शब्द तोलून लिहिते.

हॉस्पिटलमधली डॉक्टर माझ्यापेक्षा लहान असेल. तिने चादर बाजूला करून आईचे दंड, मांड्या, पाठ पाहिली, मग बाबांकडे अशा नजरेने पाहिलं की मला बरं वाटलं. खुणा कशाच्या, तिने विचारलं. मुलगा मारतो, बाबा म्हणाले, तो तसा आहे. या सगळ्या माराच्या नाहीत, ती म्हणाली. प्लेटलेट दीड लाखाच्या वर असायला हव्यात, यांच्या नऊ हजार आहेत. शरीरच त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतंय. डोक्याला साधा मार लागला तरी आतलं रक्त थांबत नाही. हे आठवड्यांपासून अंगावर दिसत असणार, कुणाच्याच लक्षात आलं नाही? आईच्या अंगावर दोन प्रकारचे डाग होते आणि आम्ही दोघांनी ते एकाच माणसाच्या नावावर लावले होते. पोलीस आले, जबाब झाला, बाबांनी सांगितलं की मुलाचा हात लागला, आणि हवालदाराने शार्दूलकडे एकदा बघून वही मिटली. स्मशानातून परतल्यावर जिना धुवायला आलेल्या केसरबाई बाबांना म्हणाल्या, “सायेब, पोरगं आंधळं हाय त्या टायमाला. तुमी तर डोळं उघडून बसला हुता.” केसरबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

आईनंतर शार्दूल चार दिवस जेवला नाही. तिची जागा, तिचा पलंग, ओट्यापुढची फरशी तो हाताने चाचपायचा, जोराने, जणू ती खाली कुठे दडलीय. मग भिंतीवर ठोके. आता मध्ये पंजा नव्हता. त्याचं कपाळ फुटलं, टाके घातले, त्याने ते ओढून काढले. मी वाकडहून कपडे आणले आणि तिथेच राहिले. पण पंजा घालायला मी गेले नाही. उशी घेऊन गेले, हात लांब करून, जशी पेटत्या घासलेटवर माती टाकतात.

पंधरा दिवसांनी, गुरुवारी, बाबांनी मला बाहेर बोलावलं. टेबलावर एका निवासी संस्थेचा अर्ज होता, तळेगावच्या बाजूची संस्था. त्यांनी तो सुवाच्य अक्षरात भरला होता आणि मी तपासून खाली सही करायची होती, कारण दुसरी पालक आता मी होते. मी वाचला, कामाचा कागद वाचते तसा. मुलाच्या स्थितीचं कारण: आईच्या रक्तातील दोष. हिंसक वर्तनाचा इतिहास: आईचा मृत्यू. मी पुन्हा वाचला. दोन ओळी, आणि दोन्हींत ती. एकीत तिने त्याला बिघडवलं होतं आणि दुसरीत त्याने तिला मारलं होतं, आणि हा कागद त्याच्याबरोबर जाणार होता. तिथल्या कपाटात राहणार होता. तिथला प्रत्येक नवा माणूस त्याच्या अंगाला हात लावण्याआधी हे वाचणार होता आणि मग त्याला तसाच हात लावणार होता. उद्या चुकलं तर ते त्याला बांधतील, आणि बांधायला कारण लिहिलेलं असेल. बाबा म्हणाले की शुद्धलेखन बघ, संस्थेच्या साहेबांना दाखवायचंय. त्यांचा आवाज थकलेला होता. गेल्या पंधरा दिवसांत त्यांची मान बारीक झाली होती. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी त्यांच्या हातातलं पेन काढून त्यांच्या तळहातात खुपसावंसं वाटलं, टोक टेबलाला लागेपर्यंत.

आत ठोका पडला. मग दुसरा. बाबांनी कागद किंचित माझ्याकडे सरकवला. मी उठले. या वेळी उशी घेतली नाही, हे ठरवून केलं नाही, हात रिकामेच राहिले. शार्दूलचं कपाळ भिंतीवर आपटत होतं आणि पट्टीतून लाल उमटलं होतं. मी मध्ये पंजा घातला. बोटांची हाडं भिंतीला लागली तेव्हा जे दुखलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही; आई बारा वर्षं हे करत होती आणि मधूनच विचारायची, भात लावू का. दुसऱ्या ठोक्याला माझ्या तोंडातून किंकाळी निघाली, आणि किंकाळीने तो बिथरला. त्याचा कोपर माझ्या तोंडावर बसला. ओठ दातात फाटला. त्याने माझे केस धरले, खाली ओढलं, मी गुडघ्यावर आले, फरशीवर थेंब पडताना पाहिले, आणि मी हात वर करून तोंड झाकलं. दोन्ही हातांनी, पूर्ण, लहान मुलासारखं. म्हणजे झाकता येतं. झाकलं असतं तर चाललं असतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, “झालं, झालं राजा,” माझ्याच आवाजात, वाईट, फाटक्या. त्याची पकड सैल व्हायला वेळ लागला. मग तो भिंतीला टेकून बसला आणि मोठ्याने श्वास घेऊ लागला, आणि त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागून राहिला.

मी बाहेर आले तेव्हा बाबा त्याच खुर्चीत होते, पेनचं टोपण काढून तयार. माझ्या हनुवटीवरून रक्त खाली येत होतं. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि अर्धे उठले. मी म्हटलं, बसा. ते बसले. तोंडात लोखंडाची चव होती आणि ओठ सुजल्यामुळे शब्द जाड येत होते, म्हणून मी हळू बोलले, एकेक, आतल्या खोलीतही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

“बाबा, ते आईच्या रक्तातून आलेलं नाही. शार्दूल असा का, ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. तुम्ही माझ्याकडे पाहत होता म्हणून मी आईचा रिपोर्ट दाखवला. तो रिपोर्ट वेगळ्याच गोष्टीचा होता. हे मला दहा वर्षं माहीत आहे. तिला सांगितलं असतं तर तिने हात वर केला असता, गोळ्या घेतल्या असत्या. मी सांगितलं नाही. तो तिला मारत होता तोवर मला मारत नव्हता.”